बाबांनी सोडलेली संत्री

आमच्या बिल्डिंगमधल्या बायका दर मंगळवारी खालच्या हॉलमध्ये आरती करतात, आणि मला बोलवायचं की नाही यावर त्यांच्यात दरवेळी खल होतो, हे मला ठाऊक आहे. नागपूरच्या कडेला, बेसाला राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी एकजण प्रसादाची वाटी घेऊन वर आली, तेव्हा मी दारातच म्हटलं, "शिरा द्या, देव राहू द्या." ती हसली, पण ते वाक्य चारही मजले फिरून परत माझ्या कानावर आलं. सत्तरी ओलांडली तरी माझी जीभ काही वयात आलेली नाही. शिरा मी खाल्ला, चांगला झाला होता. पण असं काही बोलून गेले की हल्ली दिवसभर बाबांची आठवण येत राहते, आणि ती आठवण सुखाची नसते. मुलांना यातलं काही माहीत नाही. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं.

आमचं घर म्हणजे आधी माग, आणि उरलेल्या जागेत आम्ही. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा होता, त्यात पाय सोडून बाबा विणायला बसत. त्यामुळे मला लहानपणी ते माझ्याच उंचीचे वाटायचे. धोटा इकडून तिकडे जायचा, फणी ठोकली जायची, आणि त्या खटखटीची आम्हाला इतकी सवय होती की ती थांबली तरच आम्ही दचकायचो. मागच्या खोलीतून आई विचारायची, "काहून थांबले हो?" बाबा म्हणायचे, "तार तुटला." की पुन्हा सुरू. आई दुपारभर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. घराला सुताच्या खळीचा आंबूस वास होता, त्यात रविवारी सावजी रश्श्याचा वास मिसळायचा. आई मसाला स्वतः भाजायची, तेव्हा शेजारच्या दोन घरांत लोक शिंकत. बाबा माळकरी नव्हते. गुरुवारी भजनात झांजा वाजवायचे आणि रविवारी रश्श्याची तर्री मागून घ्यायचे, आणि या दोन्हीत त्यांना काही भांडण दिसत नसे. सकाळी मागावर बसण्याआधी ते लाकडाला हात लावून तो कपाळाला लावत आणि म्हणत, "चाल बाप्पा." हे ते देवाला म्हणत की मागाला, ते मी कधी विचारलं नाही. बाकी सगळं विचारलं.

मामा काटोलला राहायचा. त्याची संत्र्याची थोडी झाडं होती. आंबिया बहाराची फळं उतरली की तो एसटीनं संत्र्यांची टोपली घेऊन यायचा, आणि चार-आठ दिवस खळीचा वास हरायचा. बाबा आम्हा भावंडांना संत्री सोलून द्यायचे. शिरा काढून, बिया काढून, एकेक फोड हातावर ठेवायचे. स्वतः मात्र एकही फोड तोंडात टाकत नसत. विचारलं तर म्हणायचे, "मले नाही आवडत." नागपुरात राहून संत्रं न आवडणारा माणूस म्हणून आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. तेही हसायचे.

मी कॉलेजात गेले आणि वादविवादात नाव काढायला लागले. आमच्या मराठीच्या सरांनी मला पुस्तकं दिली. देव माणसानं भीतीतून घडवला, हे मी त्यात पहिल्यांदा वाचलं आणि मला अक्षरशः उजेड पडल्यासारखं झालं. ते माझं तेव्हाचं म्हणणं आजही फारसं बदललेलं नाही, हे इथंच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारी शेवटी देवळात जाणार. मी गेले नाही. पण तेव्हा मला जो उजेड पडला होता तो मी बॅटरीसारखा ज्याच्यात्याच्या डोळ्यांवर मारत सुटले होते, आणि घरात सगळ्यात जवळचे डोळे बाबांचे होते. ते विणत असत, मी खड्ड्याच्या काठावर बसून वाद घालत असे. वाद त्यांना आवडायचा. ते शाळेत चौथीपर्यंत गेलेले, पण डोकं चालायचं.

"हे लुगडं पाह्य," ते म्हणायचे. "हे पाहून तू म्हणशील काय का हे आपोआप झालं? कापड आहे म्हणजे कोष्टी आहे. मंग एवढं मोठं जग आहे, त्याले कोष्टी नाही काय?"

"मग त्या कोष्ट्याले कोणी विणलं, बाबा?"

त्यांचा हात थांबला. जरा विचार करून म्हणाले, "तुह्या आजीनं." आणि आपल्याच विनोदावर इतके हसले की आतून आईनं विचारलं, काहून थांबले हो.

असे आमचे वाद होते. त्यात कोणी दुखावत नव्हतं. तेवढ्यावर थांबले असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा विषय आला, 'ईश्वर ही केवळ कल्पना आहे'. प्रत्येक कॉलेजातून दोघं जायची, एक विषयाच्या बाजूनं, एक विरोधात. सरांनी मला बाजूनं बोलायला दिलं, म्हणजे देव नाही असं. आणि देव आहे असं सांगायला दिलं माझी मैत्रीण विमलला. विमल बौद्ध घरातली. तिच्या आजोबांनी सगळ्या वस्तीबरोबर दीक्षा घेतली होती आणि देव्हाऱ्यातले देव स्वतःच्या हातानं विसर्जित करून आले होते. "पाह्य वं," विमल मला म्हणाली, "कोष्ट्याची पोरगी देव खोटा म्हणते, आणि माह्या घरी देव नाही तर मी त्याची वकील!" आम्ही पोट धरून हसलो. पण तिनं वकिली मन लावून केली. रोज कॉलेज सुटल्यावर आम्ही एकमेकींवर भाषणं तपासायचो. काहीच नसण्यापेक्षा हे एवढं सगळं आहे, ते का आहे, असं ती विचारायची. ग्रहताऱ्यांनी गणित कुठं शिकलं? चांगलं-वाईट ही नुसती आपापली आवड असेल, तर आमच्यावर अन्याय झाला असं आम्ही कोणत्या तोंडानं म्हणायचं? हा शेवटचा मुद्दा ती मांडायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. मी तिचे सगळे मुद्दे खोडून दाखवायचे. खोडता खोडता ते मला पाठ झाले.

त्याच सुमारास संत्र्यांचा खुलासा झाला. मामा टोपली ठेवून गेला होता. मी एक फोड घेतली आणि बाबांच्या तोंडाजवळ नेली. आज खाच म्हटलं. ते मान फिरवतायत, मी हट्ट करतेय. तेव्हा आई एकदम ओरडली, "अवं नोको देऊ त्यायले! त्यायनं सोडलं आहे नं ते!" बाबा तिच्यावर चिडले, पण शब्द सुटला होता. मग आईनं सांगितलं. मी तीन वर्षांची असताना मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप उतरला नाही. डॉक्टर म्हणाले, आता आपल्या हातात नाही. तेव्हा बाबांनी देवाच्या नावानं संत्री सोडली, जन्मभराची. काशीला जाऊन लोक फळ सोडतात. यांनी घरीच, मागाजवळ उभं राहून सोडलं. "सगळ्यात जास्त तेच आवडत होतं त्यायले," आई म्हणाली. "ज्याची चव लागत नाही ते सोडून काय फायदा?"

हे ऐकून मला बाबांच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं. खरंच वाटलं, याची मी आजही शपथ घेईन. पण त्याच क्षणी डोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात कोणीतरी म्हणालं, काय उदाहरण आहे! विमलला मी ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिनं हातातले भाषणाचे कागद मिटले. मग म्हणाली, "हे नको घेऊ. दुसरं काही घे." मी म्हटलं, तुझी बाजू पडेल म्हणून तू घाबरतेस. ती म्हणाली, "माही बाजू नाही वं, तुहा बाप आहे तो." मी ऐकलं नाही.

स्पर्धेला बाबांना मीच बोलावलं होतं. ते धुतलेलं धोतर आणि कोट घालून आले, आणि मागून दुसऱ्या ओळीत कडेला बसले. मी त्यांना पाहिलं. पाहिलं नव्हतं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले, ते खोटं आहे. मी बोलायला उभी राहिले. सुरुवातीलाच मी 'मानणे' या शब्दाला हात घातला. म्हटलं, बीजगणितात आपण म्हणतो, एका संख्येला क्ष मानू. उदाहरण सुटलं की क्षची किंमत निघते. देव हा एकच क्ष असा आहे, की हजारो वर्षं आपण मानतो आहोत आणि किंमत काही निघत नाही. टाळ्या पडल्या. मला चढली. मग मी म्हटलं, याच शहरात एक गृहस्थ आहेत. त्यांच्या मुलीला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी औषध दिलं, गृहस्थांनी संत्री सोडली. मुलगी वाचली. श्रेय कोणाला? संत्र्यांना! आता मला सांगा, विश्वाचा कारभार पाहणारा जो कोणी असेल, त्याला काय काटोलच्या बागांची टंचाई भासत होती? सभागृह खो खो हसलं. मी हसू ओसरू दिलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, ती मुलगी तुमच्यापुढे उभी आहे, आणि ती औषधाची साक्ष आहे. पुन्हा टाळ्या. बाबांच्या शेजारचा माणूस हसता हसता त्यांच्या खांद्यावर हात मारत होता. तो त्यांना ओळखत नव्हता. बाबाही हसत होते, पण ते बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा थांबले.

ढाल आम्हाला मिळाली. विमलला वैयक्तिक दुसरं बक्षीस होतं, मला पहिलं. घरी येताना बाबा म्हणाले, "चांगलं बोलली." एवढंच. पुढच्या रविवारी दुपारी ते मागच्या अंगणात टोपलीपाशी बसले आणि एक संत्रं घेऊन सोलायला लागले. मला वाटलं, आम्हाला देण्यासाठी. त्यांनी शिरा काढल्या, बिया काढल्या, आणि फोड स्वतःच्या तोंडात टाकली. पूर्ण संत्रं संपवलं, मग दुसरं घेतलं. आई दारात उभी राहून तोंडावर पदर धरून बघत होती. मी विचारलं, कसं आहे? ते म्हणाले, "आंबट आहे. मले वाटलं होतं गोड असन." आंबट नव्हतं, आम्ही तीच टोपली खात होतो. मला वाटलं, मी बाबांना सोडवलं. मी धावत जाऊन हे विमलला सांगितलं. तिला आनंद झाला नाही. ती म्हणाली, "आमच्या आजोबानं देव नेऊन टाकले नं, तर हात रिकामे घेऊन नाही आले. सोबत काहीतरी घेऊन आले, म्हणून ते ताठ उभे राहिले. आणि ते त्यायचं त्यायनं ठरवलं. तू तुह्या बाबाले काय दिलं?" मी म्हटलं, सत्य दिलं. किती सोपं वाटत होतं ते म्हणणं.

त्यानंतर बाबांचं भजनाला जाणं हळूहळू सुटलं. आधी गुडघा दुखतो म्हणाले, मग काहीच म्हणेनासे झाले. सकाळी मागावर बसताना लाकडाला हात लावायचेही बंद झाले. सरळ बसायचे आणि धोटा फेकायचे. वादही संपले. मी खड्ड्याच्या काठावर बसून काही काढलं की म्हणायचे, "तू म्हणतं ते बरोबर आहे वं." माझ्याशी सहमत झालेला माणूस इतका कंटाळवाणा असू शकतो, हे मला तेव्हा कळलं. आज वाटतं, वाद जिंकण्याची हौस ज्याला आहे त्यानं तो घरात जिंकू नये. पण हे शहाणपण मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याचंही खंडन केलं असतं.

वर्ष-दीड वर्षानं आईच्या पोटात गाठ निघाली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तिला ठेवलं. ऑपरेशनच्या दिवशी दुपारी तिला आत नेलं आणि मी आणि बाबा बाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर एका देवाची तसबीर होती, तिच्यापुढे येणारे-जाणारे थांबत होते. एका बाईनं तर डोकंच टेकवलं. बाबा त्यांच्याकडे पाहत होते. पाऊण तासानं मला म्हणाले, "बाई, मले काही सोडता येऊन नाही राहिलं."

मला कळलं नाही. म्हटलं, काय सोडायचंय?

"काही पण. चहा सोडतो म्हटलं, तंबाखू सोडतो म्हटलं. पण सोडू कोणाच्या नावानं? समोर कोणी दिसूनच नाही राहिलं." ते आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होते. चाळीस वर्षं एक क्षण रिकामे न राहिलेले हात. "ती आत आहे, आणि मी इथं नुसता बसून आहो. तवा तुह्या वेळेस मी काहीतरी करून राहिलो होतो."

मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि जे म्हटलं ते माझ्या कानात आजही तसंच आहे. "तुमच्यात दोन बाजू असतात नं? तू एक बोलली होती. त्या विमलची बाजू तुले येते काय? येत असन तर बोल. मले पटवून दे."

आणि मी बोलले. त्या बाकावर, फिनेलच्या वासात, हलक्या आवाजात मी विमलचं पूर्ण भाषण बोलले. काहीच नसण्यापेक्षा हे सगळं का आहे. ग्रहताऱ्यांचं गणित. न्याय-अन्याय कुठून येतो. विमलनं न वापरलेले दोन मुद्दे मी स्वतःचे घातले, कारण तिच्या भाषणाचे कच्चे दुवे मला माहीत होते. खरं सांगते, त्या दिवशी ते मला पोरकट वाटले नाहीत. ते भक्कम मुद्दे होते, मोठमोठ्या डोक्यांनी त्यावर आयुष्य घालवलेलं आहे, आणि मी त्यांना टाळ्यांसाठी चिरडलं होतं. बाबा लहान मुलासारखे ऐकत होते. एकदा तर त्यांनी मान हलवली. बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुले पटते हे?"

मी हो म्हणू शकले असते. एक अक्षर होतं. त्या माणसानं माझ्यासाठी सतरा-अठरा वर्षं तोंडाजवळ आलेली फोड बाजूला सारली होती, आणि मला त्याच्यासाठी एक अक्षर खोटं बोलवलं नाही. मी म्हटलं, "नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले. "खोटं नाही बोलली, चांगलं केलं." आणि पुन्हा तसबिरीकडे पाहत बसले.

मी तेव्हा खरं बोलले याचा मला अभिमान वाटावा की लाज, हे मला पन्नास वर्षांत ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र कळलं आहे, की 'मानणे' या शब्दाचा मी केलेला अर्थ अपुरा होता. मला वाटलं, देव मानणं म्हणजे एखादी गोष्ट आहे असं धरून चालणं, त्या क्षसारखं. पण आपण आई-बापाला मानतो, उपकार मानतो, कोणाचा शब्द मानतो, तेव्हा आपण काही ती गोष्ट आहे की नाही याचा हिशेब करत नसतो. संत्री सोडणारा माणूस देवाला लाच देत नव्हता. मुलीसाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं तेव्हा त्यानं करण्यासारखं एक काम शोधलं होतं. मी माझ्या भाषणात त्या कामाला उत्तर दिलंच नव्हतं. देव नाही, असं मी आजही म्हणेन. पण ते सिद्ध करायला मला बाबांची संत्री लागायला नको होती.

आई वाचली. गाठ साधी निघाली. दहा-बारा दिवसांनी घरी सोडलं. बाबा सकाळपासून कावरेबावरे होते. डॉक्टरांचे पाय धरायला गेले तर ते आत कामात होते. नर्स म्हणाली, अहो बाबा, हे आमचं रोजचंच आहे. ते परत आले, पुन्हा गेले, पुन्हा परत आले. दवाखान्याच्या दारात मी सायकलरिक्षा ठरवली, आईला वर बसवलं, तिच्या पाठीशी उशी लावली. बाबा खालीच उभे. मी म्हटलं, बसा ना. ते म्हणाले, "थांब. असं कसं निघाव? आभार तर मानाच लागतात नं."

"कोणाचे?"

"तेच तर म्हणतो," ते म्हणाले. "मानाले समोर कोणी लागते."

त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्यांनी रिक्षात बसलेल्या आईपुढे हात जोडले आणि मान वाकवली. आई हादरली. टाके विसरून पुढे झुकली, त्यांचे हात ओढून खाली करायला लागली. "अवं माय, काय करून राहिले हो हे! मले पाप लावता काय? सोडा, सोडा ते हात!"

"मंग कोणाले जोडू?" बाबांनी विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीही पाहिलं. दोघंही मी आता बोलेन म्हणून वाट पाहत होती, बाबांचे हात अजून जोडलेलेच होते, आणि मी मान वळवून रिक्षावाल्याला म्हटलं, "चला भाऊ, उशीर होतोय."